आख्ख्या कॉम्प्युटरच्या आवाजावर प्लगइन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) लावायचंय, नुसतं रीपर ह्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये नको. कोण कसं करतंय?

टिळकवाडी_ट्रॅक
नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीला घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, हरिपाठ, मराठी आणि कन्नड दोन्हीकडची भक्तिगीतं, शिवजयंतीच्या चित्ररथाला लागणारे संवाद असलं काम असतं. खोली 10 बाय 12, उंची 9 फूट. पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (बाहेरनं जोडायचं साऊंड कार्ड), विंडोजचा लॅपटॉप आणि रीपर.

मित्राकडनं युमिक-1 हा मोजणीचा माईक आणून आरईडब्ल्यू ह्या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर खोलीचा आवाज मोजला. 47 हर्ट्झला चांगला उंचवटा आहे आणि 140 च्या आसपास खोल खड्डा. त्यावरनं ईक्यू (इक्वलायझर) बनवून रीपरच्या मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं, टाकलाय आणि मिक्स करायला खरंच फरक पडतोय, बेसचा अंदाज येतोय. पण अडचण अशी की रीपरमध्ये एक आवाज आणि रीपरच्या बाहेर दुसराच. मंडळवाले यूट्यूबवरचं एखादं भजन लावतात आणि म्हणतात आम्हाला असं पाहिजे, ते मी ऐकणार खोलीच्या उंचवट्या-खड्ड्यासकट, आणि माझं मिक्स ऐकणार दुरुस्त करून. मग तुलना कशी करायची? शिवाय एक्सपोर्ट करताना दर वेळी ते मास्टरवरचं प्लगइन बंद करायचं ध्यानात ठेवावं लागतंय, नाहीतर माझ्या खोलीचा ईक्यू गिऱ्हाइकाच्या फाईलमध्येच छापला जाणार.

तर ब्राउझर, प्लेअर, रीपर, सगळ्यांचा आवाज एकाच दुरुस्तीतनं स्पीकरला जावा असं काय करता येईल? फुकट असलं तर बरं, पण विकतचं खरंच चांगलं असेल तर तेही सांगा. आणि लॅग किती येतो तेही.

निपाणी_नॉब
इक्वलायझर एपीओ घाला दादा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. विंडोजमध्ये आवाजाच्या वाटेवर एपीओ म्हणजे ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट बसवायची सोय व्हिस्टापासनं आहे, हे त्याच जागी बसतंय, म्हणून वेगळं व्हर्च्युअल साऊंड कार्ड लागत नाही. इन्स्टॉल करताना डिव्हाइसची यादी येते त्यात तुमचा इंटरफेस टिक करायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, झालं. सगळी सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असते. आरईडब्ल्यूनं एक्सपोर्ट केलेली फिल्टरची फाईल ते सरळ वाचतंय, हातानं आकडे टायपायची गरजच नाही. टेक्स्ट फाईल नको वाटली तर वरनं पीस नावाचा फुकटचा चेहरा मिळतो, त्यात सरकपट्ट्या आहेत.

व्हीएसटी जातीची प्लगइन पण चालतात, जुन्या व्हीएसटी 2 वाल्या डीएलएल फाईली. फक्त ते प्लगइन तुमच्या खात्याखाली चालत नाही, विंडोजच्या ऑडिओ प्रोसेसच्या आत चालतंय, त्यामुळं ज्या प्लगइनला लायसन तपासायला तुमच्या फोल्डरमध्ये जावं लागतंय ती बऱ्याचदा तिथं गप्प बसतात. साधी, लायसन न मागणारी प्लगइन घ्या.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ईक्यूमध्ये कुठंही उचल दिली असेल तर तेवढाच प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, खाली घ्यायचा. 6 डीबी वर उचललंय तर प्रीॲम्प उणे 6, नाहीतर यूट्यूबवरचं आधीच कमाल पातळीला असलेलं गाणं क्लिप होणार. आणि ड्रायव्हर अपडेट झाला की ती डिव्हाइसची यादी परत उघडून बघायची, टिक गेलेली असते.

लूपबॅक
निपाणी_नॉब बरोबर सांगतायत, पण टिळकवाडी_ट्रॅकनी रीपर म्हटलंय आणि इंटरफेस म्हटलाय, म्हणजे एएसआयओ, रेकॉर्डिंगसाठीचा कमी लॅगचा ड्रायव्हर, आलं. इथंच सगळे अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इक्वलायझर एपीओ बसतं ते विंडोजच्या शेअर्ड वाटेवर, म्हणजे ब्राउझर, व्हीएलसी, व्हॉट्सॲप सगळे ज्या मिक्सरमधनं जातात तिथं. एएसआयओ मुळात तो मिक्सर टाळायलाच बनवलंय, त्याशिवाय लॅग कमी होत नाही. त्यामुळं रीपर एएसआयओवर असेल तर त्याचा आवाज एपीओच्या शेजारनं निघून जातो, एपीओला पत्ताच नाही. विंडोजच्या वासापी एक्सक्लुझिव्ह मोडचं तेच. एएसआयओ4ऑल लावलं तरी तेच, ते पण कर्नल स्ट्रीमिंगनं खालनं जातंय. म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर प्लगइन लावलं असं वाटतंय आणि नेमका ज्याच्यासाठी लावलं तो डीएडब्ल्यूच (रीपरसारखं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) बाहेर राहतो.

माझा मार्ग असा की दुरुस्ती एकच, पण दोन जागी बसवायची. रीपरमध्ये मास्टरवर नाही, मॉनिटरिंग एफएक्सवर. व्ह्यू मेनूत आहे, वर उजव्या कोपऱ्यात त्याचं बटण पण दिसतंय. ती साखळी मास्टरच्या पुढं, फक्त हार्डवेअरला जाणाऱ्या आवाजावर असते आणि रेंडरमध्ये येत नाही. तुमचा छापला जायचा प्रश्न तिथंच मिटला. क्यूबेसवाल्यांना हेच काम कंट्रोल रूममध्ये करता येतंय, स्टुडिओ वन 5 मध्ये लिसन बस आली. बाकी विंडोजसाठी एपीओ. रीपर एएसआयओवर, बाकी सगळं एपीओवर, दोन्हीकडं फिल्टर तेच.

तेच म्हणजे अगदी तेच पाहिजे मात्र. फिल्टर किती रुंद हे आरईडब्ल्यू क्यू ह्या आकड्यात सांगतंय, रीपरचं रीईक्यू तीच बँडविड्थ ऑक्टेव्हमध्ये मागतंय. क्यू 1.41 म्हणजे साधारण एक ऑक्टेव्ह. हातानं आकडे बदलत बसण्यापेक्षा आरईडब्ल्यूमधनं फिल्टरचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आख्ख्या फिल्टरचा ठसा, वेव्ह फाईल म्हणून काढा, तीच फाईल रीपरमध्ये रीव्हर्ब (ReaVerb) ह्या प्लगइनला द्या, ड्राय, म्हणजे मूळ आवाज, पूर्ण बंद ठेवून, आणि तीच एपीओच्या कन्व्होल्यूशनला, जे असा ठसा आवाजावर लावतंय. एपीओ सॅम्पल रेट बदलून घेत नाही, विंडोजमध्ये डिव्हाइस 48000 ला असेल तर फाईल पण 48000 चीच पाहिजे.

खडेबाजार_केबल
एवढं दोन-दोन जागी कशाला करायचं ओ. व्हॉइसमीटर बनाना हा सॉफ्टवेअर मिक्सर घाला. त्याचा स्वतःचा व्हर्च्युअल एएसआयओ ड्रायव्हर आहे, रीपरला तो द्यायचा, विंडोजला पण व्हॉइसमीटरच डिफॉल्ट, सगळं एका ठिकाणी येतंय आणि तिथनं ए1 वर इंटरफेस. आउटपुट बसवर पॅरामेट्रिक ईक्यू आहेच. व्हीएसटी पाहिजे असतील तर त्याचा इन्सर्ट एएसआयओ आहे, त्यात होस्ट जोडायचा. मी लाइव्ह स्ट्रीमिंगला हेच वापरालोय, गणपतीत चार-चार तास सलग चाललंय.

लूपबॅक
@खडेबाजार_केबल स्ट्रीमिंगला झकास आहे, वाद नाही. रेकॉर्डिंगला मात्र अजून एक बफर मध्ये येतोय. 256 सॅम्पलचा बफर 48000 ला 5.3 मिलिसेकंद होतो, आणि असे बफर वाटेत एकामागनं एक जोडले जातात. मिक्सिंगला काही बिघडत नाही. गाणाऱ्याच्या कानात स्वतःचाच आवाज दहा-बारा मिलिसेकंदांनी मागनं आला की तो ताल सोडायला लागतो.

जुना_टेपवाला
मी कॅसेटच्या काळापासनं हे काम करालोय म्हणून स्पष्ट लिहितो. स्पीकर दुरुस्त करत बसू नका, स्पीकर ओळखा. यामाहाचे एनएस-10 1978 साली घरगुती स्पीकर म्हणून आले, कुणी त्यांना गोड आवाजाचे म्हणाले नाही, तरी जगभरच्या स्टुडिओत टेबलावर तेच दिसत होते. का? तर त्यावर काम करणाऱ्याला माहीत होतं की इथं असं वाजलं की बाहेर तसं वाजतंय. तो माणसाच्या कानाचा अभ्यास होता. आज दर महिन्याला नवा ईक्यू, नवा टार्गेट कर्व्ह (आवाजाचा आलेख कसा दिसायला पाहिजे ती रेषा), कान बसायच्या आधीच स्पीकर बदलल्यासारखं होतंय. एकदा खोली लावा, आणि मग वर्षभर त्याच खोलीत दुसऱ्यांची चांगली कामं ऐका. कामापेक्षा ऐकणं जास्त पाहिजे.

कौलारू
काकांचा मुद्दा पटतोय, पण काका, टिळकवाडी_ट्रॅकचा प्रश्न पण तोच आहे की. दुसऱ्यांची कामं त्याच कानानं ऐकता यावीत म्हणूनच तो सगळ्या कॉम्प्युटरवर लावायचं म्हणतोय. नुसतं रीपरमध्ये ठेवलं तर तुम्ही सांगताय तो अभ्यासच होत नाही.

मी खानापूरकडं आहे, कौलारू घर, जांभ्याच्या भिंती. जूनपासनं कौलावर पाऊस असा वाजतोय की स्पीकरवर काही करायची सोयच नाही, मग चार महिने हेडफोन. त्यासाठी ऑटोईक्यू म्हणून फुकटचा प्रकल्प आहे, शेकडो हेडफोनचं मोजमाप घेऊन बनवलेले ईक्यू तयार मिळतात, एपीओच्या फाईलच्या रूपात. आपलं मॉडेल शोधायचं, फाईल टाकायची. वरच्या पट्टीत, 8 किलोहर्ट्झच्या पुढं, त्यावर फार विसंबू नका, तिथं हेडफोन कानावर कसा बसला आणि पॅड किती झिजला यावर सगळं बदलतंय.

एपीओमध्ये डिव्हाइसप्रमाणं वेगळी फाईल लावता येतीय. पण दोन चॅनलच्या इंटरफेसला बहुतेक वेळा हेडफोन आणि स्पीकर विंडोजला एकच डिव्हाइस म्हणून दिसतात. म्हणजे खोलीची दुरुस्ती हेडफोनमध्ये पण जाणार, आणि हेडफोनमध्ये खोलीच नाही. स्पीकरवरनं हेडफोनवर गेलं की फाईल बदलायची सवय लावून घ्या.

काळी_एक
मी मिक्सिंगवाला नाही, गाणारा. भजनी मंडळात आहे, पखवाज पण वाजवतो. वरचा 140 चा आकडा बघून लिहावंसं वाटलं.

आमच्यात बहुतेक पुरुष काळी एकला गातात. काळी एकचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झ होतो. म्हणजे टिळकवाडी_ट्रॅकच्या खोलीत नेमका सा खड्ड्यात पडलाय! आता विचार करा, आम्ही आमच्या सा वर येऊन थांबतो, सगळा अभंग तिथं येऊन टेकतो, आणि मिक्स करणाऱ्याला तोच स्वर बारीक ऐकू येतोय. तो बिचारा तिथं उचल देणार. मग गाडीत लावल्यावर सा आला की दरवाजे थरथरतात आणि रे-ग वर आवाज पातळ. माझ्या ऐकण्यात अशी बरीच भजनं आहेत, आजवर वाटत होतं गाणारा सा वर जोर देतोय.

पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून आम्ही खर्जाला आणतो, तो सा धरला तर 69 हर्ट्झ. 47 चा उंचवटा त्याच्या खाली आहे म्हणून धुमाला थेट धक्का लागत नाही, पण घुमारा लांबतो आणि पुढचा बोल बुडतो असं ऐकताना जाणवतंय. ते ईक्यूनं कमी होतंय काय, लूपबॅक सर?

लूपबॅक
काळी_एक दादा, ह्या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट तुमची. मोजणीचा आकडा स्वरात सांगितला की काम किती सोपं होतंय.

उंचवटा आणि खड्डा ह्यांची जात वेगळी आहे. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, भागाकार करून निम्मं केलं की 47 हर्ट्झ. तो खोलीच्या लांबीचा रूम मोड आहे, म्हणजे दोन भिंतींमध्ये घुमणारा सूर. असला उंचवटा ईक्यूनं खाली घेतला की त्याचा घुमारा पण बऱ्यापैकी आवरतो, म्हणजे तुमच्या पखवाजाला फायदा होणार.

140 चा खड्डा मात्र स्पीकरच्या मागच्या भिंतीचा वाटतोय. स्पीकरचं तोंड भिंतीपासनं 2 फुटांवर असेल तर भिंतीवर जाऊन परत येणारा आवाज 140 हर्ट्झला बरोबर अर्ध्या लहरीनं मागं पडतो आणि सरळ आवाजाला मारतो. तिथं ईक्यूनं उचल देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं, जेवढा आवाज वाढवाल तेवढाच परतणारा पण वाढणार. फुकटची हेडरूम (क्लिप व्हायच्या आधीची मोकळी जागा) जाते आणि स्पीकरवर ताण येतोय तो वेगळाच. म्हणून टिळकवाडी_ट्रॅक, 140 वर जी उचल असेल ती काढा आणि स्पीकर भिंतीकडं सरकवून बघा. तोंड भिंतीपासनं 1 फुटावर आलं की तोच खड्डा 280 च्या पलीकडं जातो, आणि तिथं चार इंची रॉकवूलचं पॅनल मागच्या भिंतीला लावलं तर बराच भरून येतो. एक इंची फोमनं काही होत नाही. भिंतीजवळ नेल्यावर खालचा बेस थोडा वाढेल, तो मात्र ईक्यूनं बिनधास्त कमी करा.

ईक्यू साधारण अडीचशे हर्ट्झच्या खालीच ठेवायचा असं माझं मत. एवढ्याशा खोलीत त्याच्यावरचं जे मोजमापात दिसतंय ते डोकं चार बोटं हललं की बदलतंय.

शहापूर_मॅक
मॅकवाल्यांसाठी. आपल्याकडं सोपं आहे. रोग अमीबा कंपनीचं साऊंडसोर्स विकत मिळतंय, मेनूबारमध्ये बसतं, आख्ख्या आउटपुटवर किंवा एकेका ॲपवर ऑडिओ युनिट प्लगइन लावता येतात. मी वर्गातल्या मुलींना गाणं शिकवते, झूमच्या आवाजाला वेगळं प्लगइन आणि म्युझिकला वेगळं असं लावते. फुकट पाहिजे तर ब्लॅकहोल हा व्हर्च्युअल ड्रायव्हर घ्या, सिस्टीमचा आवाज त्यात पाठवा आणि दुसऱ्या बाजूनं एखाद्या होस्टमध्ये उचलून प्लगइन लावून इंटरफेसला द्या. मॅकवर कोअर ऑडिओ एकच असल्यामुळं विंडोजसारखी एएसआयओ वेगळं आणि बाकी वेगळं अशी भानगड नाही. पण डीएडब्ल्यूत पण तेच प्लगइन असेल तर दुरुस्ती दोनदा बसते हे बघून घ्या, अशा वेळी बेस एकदम गायब झाल्यासारखा वाटतो.

पेंग्विन_चिकोडी
लिनक्सवाले आहेत काय कोण? पाइपवायर ही आवाजाची नवी यंत्रणा आल्यापासनं हा प्रश्नच उरला नाही. फेडोरानं 2021 मध्ये 34 व्या आवृत्तीत ते डिफॉल्ट केलं. ब्राउझर पल्सऑडिओ ही जुनी यंत्रणा समजून बोलतोय, आर्डर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर जॅक ही दुसरी समजून बोलतंय, खाली दोघांना पाइपवायरच भेटतोय. ईझीइफेक्ट्स टाकायचं, त्यात कन्व्हॉल्व्हर आहे, आरईडब्ल्यूची तीच वेव्ह फाईल चालते. हेडफोनवाल्यांसाठी क्रॉसफीड पण आहे, डाव्या कानाचं थोडं उजव्याला जातंय, जुन्या गाण्यांत एक वाद्य पूर्ण एका बाजूला असतंय ते ऐकायला त्रास होत नाही. स्वतः जोडाजोडी करायची हौस असेल तर कार्ला होस्ट, एलव्ही2 पासनं व्हीएसटी3 पर्यंत सगळ्या जातींची प्लगइन घेतंय. रीपर लिनक्सवर पण आहे. जुना लॅपटॉप असेल तर एकदा घालून बघा, आमच्याकडं यायचं असलं तर चिकोडीत चहा माझ्याकडं.

निपाणी_नॉब
चहाला निपाणीकरांना बोलावणं आहे काय नाही? 😀

पेंग्विन_चिकोडी
तुम्ही तर वाटेवरच आहात, या की.

उद्यमबाग_50हर्ट्झ
मोजणीबद्दल एक. मी उद्यमबागेत फाउंड्रीच्या इलेक्ट्रिकलला आहे, घरी हौसेनं गिटार रेकॉर्ड करतो. आपल्याकडं करंट 50 हर्ट्झचा, त्यामुळं ग्राउंड लूप असेल तर 50 आणि 100 ला हम बसते. टिळकवाडी_ट्रॅकचा मोड 47 ला आहे, म्हणजे शेजारीच. मोजताना हम चालू असेल तर आलेखात दोन्ही मिसळून दिसणार आणि ईक्यू भलतीकडं ओढला जाणार. आधी स्पीकर चालू ठेवून काहीही न वाजवता आरटीए (आरईडब्ल्यूमधला चालू आवाजाचा आलेख) बघा, 50 ला काटा उभा दिसला तर केबल बघा. इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या, बॅलन्स्ड केबल लावा. इन्व्हर्टरवर मोजू नका, कित्येक इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. पंखा बंद. स्वीप (मोजणीसाठी वाजणारा चढता सूर) लांब घ्या, आणि माईकची कॅलिब्रेशन फाईल त्याच्या सीरियल नंबरचीच लोड झालीय बघा, मित्राचा माईक म्हणजे मित्राच्याच नंबरची.

कौलारू
आणि पाऊस थांबल्यावर.

अनगोळ_अभंग
विषय थोडा बाजूला नेतो. सगळं लावून झालं की रेफरन्स म्हणून ऐकायचं काय? भजनासाठी म्हणतोय. सिनेमातली नवी भक्तिगीतं इतकी दाबून लाऊड केलेली असतात की त्यावरनं टाळ-पखवाजाचा अंदाज येत नाही.

जुना_टेपवाला
कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐका. इथलेच की आपल्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म. आवाज आणि तंबोरे, मध्ये केवढी मोकळी जागा. दोन तंबोऱ्यांत तो आवाज कुठं ठेवलाय आणि श्वास किती ऐकू येतोय ते बघा. एका फुफ्फुसावर गायलेला माणूस, त्याचा श्वास हा गाण्याचाच भाग आहे. आजचे लोक नॉइज गेटनं पहिला श्वासच कापतात, तेवढं करू नका.

लूपबॅक
काका, शंभर टक्के. जुनी मोनो रेकॉर्डिंग एकाच स्पीकरवर ऐका, दुसरा बंद करून. मधला पट्टा, म्हणजे शब्द कळतात तो भाग, त्यात किती नीट आहे ते तिथं समजतंय. खालच्या टोकासाठी मात्र अलीकडचं चांगलं मास्टर केलेलं काही घ्या, जुन्या टेपवर तेवढं खाली नाहीच. आणि दोन गाणी तुलना करताना लाउडनेस सारखा करून घ्या, हे एपीओच्या प्रीॲम्पला पण लागू आहे. दुरुस्ती चालू केली की प्रीॲम्पमुळं आवाज 6 डीबी खाली जातो, कानाला हळू वाजतंय ते कमीच चांगलं वाटणार, आणि माणूस म्हणणार ईक्यूनं मजा घालवली. बंद-चालू करताना दोन्हीची पातळी जुळवा, मग ठरवा.

चित्ररथ_एडिट
शिवजयंतीच्या देखाव्यांचे व्हिडिओ आणि संवाद करतो. मला भीती अशी की सिस्टीमवर प्लगइन लावलं की ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. कुणाला अनुभव?

लूपबॅक
फिल्टर कुठल्या प्रकारचा त्यावर आहे. मिनिमम फेजचा ईक्यू जवळजवळ काहीच लॅग घालत नाही, वर जे आरईडब्ल्यू फिल्टर म्हणालो ते ह्यातलेच. लिनियर फेज लावलात तर लॅग येणार, 4096 टॅपचा फिल्टर 48000 ला 43 मिलिसेकंदांच्या आसपास मागं टाकतो. आयटीयू ह्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 शिफारशीप्रमाणं आवाज चित्राच्या 125 मिलिसेकंदांनी मागं पडेपर्यंत लोकांच्या लक्षात येत नाही, उलटा पुढं गेला तर 45 लाच कळतंय. म्हणजे नुसतं बघायला 43 चालून जाईल. पण संवाद जुळवायचं काम करताना मिनिमम फेजच ठेवा, तिथं तुम्ही एकेक फ्रेम सरकवताय आणि 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच 40 मिलिसेकंदांची असते. व्हीएलसीमध्ये जे आणि के नी आवाज मागं-पुढं करता येतोय, पण एडिटिंगच्या टाइमलाइनला ते लागू नाही.

चित्ररथ_एडिट
एक फ्रेम! समजलं. मिनिमम फेज. धन्यवाद.

टिळकवाडी_ट्रॅक
सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो, पुढं कुणाला लागेल.

स्पीकर भिंतीकडं सरकवले, टेबल पुढं घेतलं आणि बसायची जागा स्पीकरमागच्या भिंतीपासनं साडेचार फुटांवर आणली. परत मोजलं, पंखा बंद, केबल बदलून. 140 चा खड्डा तिथनं उठलाय, आता पावणेतीनशेच्या आसपास छोटा दिसतोय, मागं लावायला रॉकवूलची पॅनल बनवायला टाकलीत. ईक्यूमध्ये आता उचल कुठंच नाही, नुसते तीन कट, सगळे 200 च्या खाली. त्यामुळं प्रीॲम्प खाली घ्यायची गरजच राहिली नाही, हा मोठा फायदा.

मास्टरवरचं प्लगइन काढलं. इम्पल्सची एकच फाईल रीपरच्या मॉनिटरिंग एफएक्सला आणि एपीओच्या कन्व्होल्यूशनला. खरंच दोन्हीकडं सारखं वाजतंय काय बघायला माझंच एक भजन एक्सपोर्ट करून व्हीएलसीमध्ये लावलं आणि रीपरमध्ये तेच, माईक ठेवून दोन्ही मोजलं, रेषा एकमेकीवर बसल्या. रेकॉर्डिंगला मंडळ आलं की मॉनिटरिंग एफएक्स बंद आणि इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर चालू, म्हणजे गाणाऱ्याच्या कानात लॅग पण नाही आणि माझ्या खोलीची दुरुस्ती पण नाही.

काळी_एक दादांच्या पोस्टनंतर जुनी कामं परत उघडून ऐकली. 140 च्या आसपासची उचल बऱ्याच ठिकाणी सापडली. ती काढली की सा, रे, ग एका वजनाचे झाले. ज्यांच्या फाईली हातात आहेत त्या मंडळांना नवीन मिक्स पाठवून देतोय.

एक प्रश्न उरलाय. आलेख सपाट केला तर खोलीत आवाज कर्कश वाटतोय. टार्गेट सपाट ठेवायचं की खाली थोडं वर?

निपाणी_नॉब
खोलीत बसून मोजलेलं सपाट म्हणजे कानाला कर्कशच. खालनं वर जाताना हळूहळू उतार पाहिजे. चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवला की तो उतार आपोआप येतो, त्याला मारून सरळ करू नका. तुम्ही 200 च्या खालीच कट दिलेत म्हणजे वरचा उतार जसाच्या तसा आहे, खालचे कट दोनेक डीबी सैल सोडा.

जुना_टेपवाला
आता मी सांगतो ते करा. पेटीचे स्वर एका जोरानं रेकॉर्ड करा, खर्जातल्या काळी एकपासनं सुरू करून एकेक पट्टी चढत वरच्या सा पर्यंत, भात्याचा दाब सारखा ठेवून. ते आधी हेडफोनवर ऐका. पेटीचे सगळे सूर काही सारखे बोलत नाहीत, म्हणून तिचा स्वभाव आधी कानात बसला पाहिजे. मग तेच स्पीकरवर, दुरुस्ती चालू आणि बंद. हेडफोनमध्ये नसलेली फूग ज्या स्वरावर येईल तिथं खोली बोलतीय. आलेखात तीन डीबी दिसतंय ते कानाला किती लागतंय हे त्यातनंच कळणार, आणि सैल किती सोडायचं ते पण.

काळी_एक
काका, पेटी घेऊन मीच येतो त्यांच्याकडं. एकादशीचं भजन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, चालेल ना टिळकवाडी_ट्रॅक?

टिळकवाडी_ट्रॅक
या की दादा. पखवाज पण आणा, धुमाचा घुमारा बघायचाच आहे.